एकाच अँटेनाचं बोलणं आणि ऐकणं

काही वर्षांपूर्वीची एक गंमत आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. रेडिओ चालू आहे, शेजारी मोबाइल ठेवलेला आहे, आणि अचानक रेडिओतून ‘टक्-टक्-टर्रर्र’ असा आवाज येऊ लागतो. दोन-चार सेकंदांनी मोबाइलची रिंग वाजते. घरातलं एखादं पोर मग ऐटीत सांगायचं, ‘बघा, मी म्हटलं नव्हतं, फोन येणार म्हणून!’

ती टरटर म्हणजे जिथं जायला नको तिथं गेलेला विद्युतसंकेत. मोबाइलचा आणि रेडिओचा तारेनं काही संबंध नव्हता. तरीही एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात शिरत होतं. संकेतांना असं एकमेकांपासून वेगळं ठेवणं हे वरवर दिसतं तितकं सोपं काम नाही. त्यातही संकेत सेकंदाला कोट्यवधी वेळा हेलकावे घेणारा, म्हणजे उच्च वारंवारतेचा असेल, तर साधं बटण बंद करणंसुद्धा अवघड होऊन बसतं. आज मी आपल्याला या बंद न होणाऱ्या बटणाची गोष्ट सांगणार आहे.

आपल्या घरातल्या दिव्याचं बटण आधी पाहू. बटण बंद केलं की आतल्या धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून दूर होतात आणि मध्ये हवेची फट राहते. समोरासमोर ठेवलेल्या धातूच्या कोणत्याही दोन तुकड्यांमध्ये थोडी धारिता, म्हणजे कपॅसिटन्स, असतेच. समजा, ती एक पिकोफॅरड आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. तिला ही फट सुमारे ३१८ कोटी ओमच्या अडथळ्यासारखी भासते. दिवा पुरता विझतो. आता त्याच फटीसमोर सेकंदाला शंभर कोटी हेलकावे घेणारा, म्हणजे एक गिगाहर्ट्झचा संकेत आणून उभा करा. त्याला तीच फट फक्त १५९ ओमची वाटते. रेडिओच्या कामात ५० ओमच्या तारा सर्रास वापरतात. त्यांच्या हिशेबात १५९ ओम म्हणजे दाराला कडी न लावता नुसतं लोटून ठेवल्यासारखं झालं. चौथा हिस्सा शक्ती सहज पलीकडे निघून जाते. फट तीच, पट्ट्या त्याच. फरक पडला तो फक्त हेलकाव्यांच्या वेगानं.

एरवी या गळतीनं फार तर खरखर ऐकू आली असती. पण १९३० च्या दशकात एक असं यंत्र आलं, ज्यात ही गळती म्हणजे जीवन-मरणाचा प्रश्न ठरला. ते यंत्र म्हणजे रडार.

रडारचं तत्त्व आपल्याला ठाऊक आहे. डोंगरासमोर उभं राहून आरोळी ठोकायची आणि प्रतिध्वनी कधी येतो ते ऐकायचं. इथं आरोळी रेडिओलहरींची असते. पण आरोळी आणि प्रतिध्वनी यांच्या बळात प्रचंड तफावत असते. रडारचा ट्रान्समीटर हजारो वॅटचा स्पंद फेकतो. दूरच्या विमानावरून परत येतो तो वॅटच्या अब्जांशाहूनही लहान अंश. तो टिपायला रिसीव्हर अतिशय नाजूक लागतो. आणि हा नाजूक रिसीव्हर त्या आरोळीच्या अगदी शेजारी बसलेला असतो! वटवाघळांना हीच अडचण येते. ती चीत्कार करतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवर भक्ष्य शोधतात. निसर्गानं त्यांच्या मध्यकर्णात एक स्नायू दिला आहे. चीत्कार करण्याच्या क्षणी तो आवळतो, कान बधिर करतो आणि लगेच सैल होतो. माणसाला हा स्नायू घडवायचा होता.

इंग्लंडमध्ये या कामाची सुरुवात झाली ती एका नभोवाणी केंद्राच्या साहाय्यानं. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी डॅव्हेंट्री इथल्या बीबीसीच्या लघुलहरी केंद्रापासून काही मैलांवर, एका शेतात, गाडीत रिसीव्हर मांडला. हेफर्ड जातीचं एक बॉम्बफेकी विमान वरून उडवण्यात आलं. विमानावरून परतणारी क्षीण लहर टिपायची होती. पण केंद्राकडून थेट येणारी लहर तिच्यापेक्षा कितीतरी जोरदार होती. विल्किन्स यांनी दोन अँटेना लावल्या आणि त्यांचे संकेत एकमेकांविरुद्ध जोडले. थेट आलेली लहर स्वतःलाच खोडून काढू लागली. मग विमानाची चाहूल पडद्यावर दिसली. म्हणजे जन्माच्या दिवशीच रडारसमोर पहिला प्रश्न आला तो ‘कसं ऐकायचं’ हा नव्हता, ‘काय ऐकायचं नाही’ हा होता.

त्यानंतर ब्रिटनच्या किनाऱ्यावर ‘चेन होम’ ही रडारकेंद्रांची साखळी उभी राहिली. तिथं हा प्रश्न जागेच्या बळावर सोडवला. प्रक्षेपणासाठी ३६० फूट उंचीचे पोलादी मनोरे आणि ग्रहणासाठी काही अंतरावर २४० फुटांचे लाकडी मनोरे. बोलणारा एकीकडे, ऐकणारा दुसरीकडे. जमिनीवर जागा असेल तर ही युक्ती चांगलीच.

पण जहाजावर काय करायचं? अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत रॉबर्ट पेज आणि लिओ यंग हे दोघं याच विवंचनेत होते. डिसेंबर १९३४ मध्ये पेज यांनी स्पंदांच्या साहाय्यानं सुमारे मैलभरावरच्या विमानाचा वेध घेतला होता. एप्रिल १९३६ पर्यंत यंत्र चांगलं चालू लागलं. मात्र बोलायला एक अँटेना आणि ऐकायला दुसरी, असा तो संसार होता. युद्धनौकेच्या डोलकाठ्यांच्या गर्दीत दोन मोठ्या अँटेना दूर दूर बसवणार कुठं? १९३६ च्या उन्हाळ्यात या दोघांनी एकाच अँटेनावर दोन्ही कामं करणारी जोडणी सिद्ध केली. तिचं नाव ड्युप्लेक्सर.

हाताच्या बटणानं हे काम होण्यासारखं नव्हतं. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जाते. जाऊन-येऊन हिशेब धरला तर दीडशे मीटरवरच्या वस्तूचा प्रतिध्वनी एका मायक्रोसेकंदात दारात हजर होतो. इतक्या झटपट उघडझाप करणारं यांत्रिक बटण कुठून आणायचं? तेव्हा स्पंदाच्या जोरानंच स्विच चालवायचा, अशी कल्पना पुढे आली. आरोळी स्वतःच कान झाकील आणि आरोळी थांबली की कान आपोआप उघडेल.

या जातीच्या जोडणीतली खुबी समजून घेण्यासारखी आहे. रिसीव्हरकडे जाणाऱ्या फांदीवर, मुख्य तारेपासून पाव तरंगलांबीच्या अंतरावर, असा घटक बसवतात की ज्याच्यावर जोरदार स्पंद आदळला तर तो चक्क शॉर्ट होतो. आपल्याला वाटेल, शॉर्ट केलं म्हणजे सगळी वीज तिकडंच धावणार. इथं उलटं घडतं. लहर पाव तरंगलांबी आत जाते, शॉर्टवर आपटून उलटी होते आणि पाव तरंगलांबी परत येते. फांदीच्या तोंडाशी ती पोचते तेव्हा दोन्ही लहरींचा विद्युतदाब एकमेकांना साथ देतो, पण प्रवाह एकमेकांना खोडतात. तोंडाशी प्रवाहच नाही, म्हणजे मुख्य तारेच्या दृष्टीनं ती फांदी अस्तित्वातच नाही! सगळी शक्ती अँटेनाकडे जाते. स्पंद संपला की शॉर्ट नाहीसा होतो आणि प्रतिध्वनीला रिसीव्हरची वाट मोकळी होते. २०० मेगाहर्ट्झच्या त्या यंत्रात तरंगलांबी दीड मीटर होती, म्हणजे पाव लांबी जेमतेम सदतीस सेंटिमीटर.

इथं एक गोष्ट मनाशी धरून ठेवा. फट रुंद करून गळती थांबत नव्हती. या मंडळींनी फट रुंद केली नाही. त्यांनी गळणाऱ्या शक्तीला आडवी दुसरी वाट काढून दिली. पुढची नव्वद वर्षं या क्षेत्रात जे जे घडलं, त्यात हाच विचार वेगवेगळ्या रूपांत येत राहिला.

एप्रिल १९३७ मध्ये ‘लिअरी’ या विनाशिकेवर या रडारची समुद्रात चाचणी झाली. त्यातूनच पुढे विकसित झालेलं यंत्र ‘न्यूयॉर्क’ या युद्धनौकेवर बसवण्यात आलं.

आता पुन्हा इंग्लंडकडे वळू. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात जर्मन विमानांनी लंडन आणि इतर शहरांवर रात्रीमागून रात्री बॉम्ब टाकले. चाळीस हजारांहून अधिक नागरिक प्राणाला मुकले. दिवसा शत्रूला गाठणाऱ्या लढाऊ वैमानिकांना रात्री काही दिसत नव्हतं. त्यांच्या विमानांत दीड मीटर लहरीचं रडार होतं. पण इतक्या लांब लहरीचा झोत अरुंद करता येत नाही. तो खाली जमिनीवरही पडे आणि जमिनीचा प्रतिध्वनी सगळं झाकून टाकी. वैमानिक पाच हजार फुटांवर असेल तर पाच हजार फुटांपलीकडचं विमान त्याला दिसत नसे. लहर आखूड हवी होती, दहा सेंटिमीटरची.

फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला आणि तेवढ्या आखूड लहरीवर शेकडो वॅटची शक्ती हाती आली. लवकरच ती हजारोंत गेली. ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत या लहरींनी विमानाचा प्रतिध्वनी मिळाला. दुसऱ्या दिवशी पत्र्याचा तुकडा घेऊन सायकलवरून जाणारा एक तरुणही रडारवर दिसला. मात्र त्या प्रयोगात दोन परावर्तक शेजारी शेजारी होते. लढाऊ विमानाच्या नाकाडात जागा एकाच परावर्तकाची.

शिवाय आता रिसीव्हर अधिकच नाजूक झाला होता. दहा सेंटिमीटरच्या लहरी टिपायला त्या वेळचे व्हॉल्व्ह कुचकामी ठरले. म्हणून जुन्या गॅलिना रेडिओची आठवण करून देणारा स्फटिक पुन्हा वापरात आला. सिलिकॉनचा कण आणि त्याला टेकलेली टंगस्टनची केसासारखी तार. त्या टोकावर चुकून थोडीशी जास्त शक्ती आली की स्फटिक जळालाच. शेजारी दहा किलोवॅटची आरोळी आणि इकडे हा स्फटिक! नुसती हवेतली ठिणगी उपयोगाची नव्हती. ती पेटायला इतका दाब लागे की तोवर स्फटिकाचं काम तमाम झालेलं असे.

उत्तर मिळालं ते एका बिघडवलेल्या व्हॉल्व्हमधून. रॉबर्ट सटन यांनी ब्रिटिश नौदलासाठी रिसीव्हरमध्ये लागणारा एक निर्वात व्हॉल्व्ह बनवला होता. त्याच्या काचेतून तांब्याच्या तबकड्या बाहेर आलेल्या असत आणि त्या तांब्याच्या पोकळीत घट्ट बसत. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत ए. एच. कुक यांनी या नळीतलं निर्वातपण मुद्दाम घालवलं आणि तिच्यात अगदी कमी दाबाचा वायू भरला. आतल्या बारीक फटीत स्पंद येताच वायू क्षणात पेटे, फट शॉर्ट होई आणि स्फटिक वाचे. व्हॉल्व्हमध्ये हवा शिरली तर त्याला ‘सॉफ्ट’ झाला म्हणत. म्हणून या नळीचं नाव पडलं सॉफ्ट सटन ट्यूब. एरवी टाकाऊ ठरला असता असा हा दोष इथं गुण ठरला.

तरी दोन अडचणी उरल्याच. पहिली सुरुवातीची. वायू पेटायला सेकंदाचे काही अब्जांश भाग लागतात आणि तेवढ्यात शक्तीचं एक टोक आत घुसतं. त्यावर उपाय म्हणून नळीत सतत मंद तेवणारा एक विद्युतअग्र ठेवला. देव्हाऱ्यातल्या नंदादीपावरून दुसरी वात चटकन लागावी तसा वायू झटकन पेटे. दुसरी अडचण शेवटची. स्पंद संपल्यावरही वायूतले इलेक्ट्रॉन रेंगाळत आणि कान बंदच राही. जवळचं विमान नेमकं त्या बहिरेपणात हरवायचं. नळीत थोडी पाण्याची वाफ मिसळली तर ती हे इलेक्ट्रॉन पटापट गिळते, असं आढळलं. १९४२ मध्ये आखूड लहरींचं हे रडार नाकाडात घेऊन ब्रिटिश रात्रविमानं लढू लागली. लंडनवरचे ते सलग रात्रीचे हल्ले तोवर थांबलेले होते, हे खरं. पण पुढच्या युद्धात अंधार हा हल्लेखोराचा आसरा राहिला नाही.

अमेरिकेत एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीनं या विद्येचं शास्त्र केलं. युद्धानंतर या संस्थेनं आपलं सारं ज्ञान २८ खंडांत प्रसिद्ध केलं. त्यातला १४ वा खंड फक्त ड्युप्लेक्सरवर आहे. त्याच्या दोन लेखकांपैकी एक लुई स्मुलिन. पुढे कानपूरच्या आयआयटीच्या उभारणीला ज्या अमेरिकी प्राध्यापकांचा हातभार लागला, त्यांत हे स्मुलिनही होते.

वायूच्या नळ्यांना आयुष्य मर्यादित. आतला वायू हळूहळू संपतो आणि एक दिवस स्फटिक जळून गेल्यावरच ते कळतं. १९५० च्या दशकात त्यांच्या जोडीला अर्धवाहक आले. जनरल इलेक्ट्रिकमधल्या रॉबर्ट हॉल यांनी पिन डायोडवर काम केलं. हे हॉल युद्धकाळात मॅग्नेट्रॉनवर काम केलेले. १९५८ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या आर्थर उहलिर यांनी असा डायोड उच्च वारंवारतेचा स्विच म्हणून कसा वापरता येईल, हे मांडलं. या डायोडात दोन भारित थरांच्या मध्ये शुद्ध सिलिकॉनचा जाड थर असतो. जणू धातूच्या पट्ट्या दूर सरकवल्या. त्यामुळे धारिता घटते आणि बंद अवस्थेतली गळती कमी होते. सरळ प्रवाह सोडला की मधला थर विद्युतभारांनी भरून जातो आणि वाट खुली होते.

धारिता दहा पटींनी घटवून पिकोफॅरडचा दहावा हिस्सा केली, तरी एक गिगाहर्ट्झला ५० ओमच्या तारेत सुमारे २५० वा भाग शक्ती गळतेच. रडारला एवढी गळती परवडत नाही. इथं जुनी युक्ती पुन्हा कामी आली. वाटेत एक डायोड बंद ठेवायचा आणि त्याच्या पलीकडे दुसरा डायोड जमिनीकडे उघडायचा. पहिल्यातून जे झिरपेल ते दुसरा जमिनीत नेऊन सोडतो. या दुसऱ्याचा रोध एक ओम धरला तर गळती २५० त एक होती ती साडेसहा लाखांत एक होते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला कितीही गिलावा केला तरी पाणी येतंच. शहाणा गवंडी भिंतीमागून चर काढून देतो. तशीच ही तऱ्हा.

स्विच कितीही चांगला झाला तरी संकेत त्याला वळसा घालून जातोच. हवेतून जातो, विजेच्या पुरवठ्याच्या तारेतून जातो, दोघांत सामाईक असलेल्या जमिनीच्या जोडणीतून जातो. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी मागून उघडून पाहिला असेल, त्यांना आत ॲल्युमिनियमच्या चकचकीत डब्या आठवतील. त्या शोभेसाठी नव्हत्या. आतल्या वेटोळ्यांनी एकमेकांत लुडबुड करू नये म्हणून घातलेल्या त्या भिंती होत्या. आजच्या सर्किट बोर्डावरही पत्र्याची झाकणं असतात आणि स्विचच्या भोवती जमिनीला जोडलेल्या बारीक छिद्रांची रांग असते. बऱ्याचदा महागडा स्विच बसवूनही गळती कमी होत नाही, कारण चूक असते ती जमिनीच्या एका लांब तारेत.

आता वळू सुरुवातीच्या मोबाइलकडे. भारतात मोबाइल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली. नंतर घरोघरी पोचलेला जीएसएम पद्धतीचा मोबाइल एकाच अँटेनावर बोलायचा आणि ऐकायचा, आळीपाळीनं, सेकंदाला सुमारे २१७ वेळा. रेडिओतली ती टरटर म्हणजे या २१७ ठोक्यांचाच आवाज. मोबाइल दोन वॅटपर्यंत शक्ती फेकायचा आणि ऐकू शकायचा त्याच्या तीस लाख कोटींव्या हिश्श्याहूनही कमी. ही आळीपाळी सांभाळायला आत एक स्विच असे. त्यात अनेकदा असायचे दोन पिन डायोड आणि त्यांच्यामध्ये पाव तरंगलांबीची तार. बोलताना दोन्ही डायोड वाहू लागत, ऐकण्याकडचा डायोड शॉर्ट होई आणि पाव लांबीमुळे ती फांदी नाहीशी होई. पेज आणि यंग यांचा १९३६ चा ड्युप्लेक्सर लोकांच्या खिशात येऊन बसला होता, आणि कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

पुढे फोनमध्ये अनेक पट्टे आले आणि स्विचच्या फांद्या वाढल्या. डायोडांना सतत प्रवाह लागतो, बॅटरी खर्ची पडते. म्हणून ट्रान्झिस्टरचे स्विच आले, आधी गॅलियम आर्सेनाइडचे, मग सिलिकॉनचे. सिलिकॉनमध्ये गळती खालच्या बाजूनं, चकतीच्या पोटातून होई. तिला अडवायला काहींनी सिलिकॉनचा पातळ थर चक्क नीलमावर बसवला. अर्थात प्रयोगशाळेत वाढवलेल्या नीलमावर, कारण तो उत्तम विद्युतरोधक आहे. आता सिलिकॉनच्या पोटातच रोधक थर घालून तेच साधतात.

पावसाळ्यात ढगांच्या बातम्या ऐकताना मुंबईत कुलाब्याला हवामान खात्याचं रडार आहे, असं आपण ऐकतो. तेही दहा सेंटिमीटरच्या आसपासच्याच लहरींनी, एकाच अँटेनातून आरोळी देतं आणि समुद्रावरच्या पावसाच्या थेंबांकडून आलेली कुजबूज त्याच अँटेनानं ऐकतं. दोन्हींच्या मध्ये एक छोटा स्विच दर सेकंदाला शेकडो वेळा कान झाकतो आणि उघडतो. पुढच्या वेळी मुसळधार पावसाचा इशारा कानावर आला, तर त्या स्विचचीही आठवण ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)